दहा हातांचे काम : राजवाड्यांच्या दप्तरांपासून मुक्त संगणकप्रणालीपर्यंत

बेल्लमपल्लीचे नाव निघाले की कोळसा आणि रेल्वे या दोन गोष्टी आधी आठवतात. १८८६ साली स्थापन झालेल्या हैदराबाद (डेक्कन) कंपनीने १८८९ पासून येल्लंदूला कोळसा काढायला सुरुवात केली. १९२० साली या उद्योगाला सिंगरेणी कॉलरीज हे नाव मिळाले आणि त्याच दशकात खाणी गोदावरी ओलांडून आपल्या बाजूला आल्या. काझीपेठ-बल्लारशा लोहमार्गही त्याच सुमारास पुरा झाला. या मार्गाने उत्तरेला निघाले की बल्लारशानंतर चांदा, वर्धा, नागपूर फार दूर राहत नाही. १९५६ पर्यंत तर किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. भाषावार प्रांतरचनेत ते मराठी मुलखाला जोडले गेले. २०१६ साली पुन्हा जिल्हे फुटले आणि बेल्लमपल्ली मंचेरियाल जिल्ह्यात गेली. सीमारेषा अशा हलत राहिल्या, पण माणसे जागच्या जागी राहिली आणि त्यांच्या घरातली भाषाही.

या स्मरणिकेत गावाच्या, सणाच्या आणि संतांच्या विषयांवर नेहमी लिहिले जाते. यंदा आम्ही थोडा वेगळा विषय घेतला आहे. आपल्या घराघरांतली मुले आज संगणकाचे शिक्षण घेत आहेत. त्यांच्या बोलण्यात ‘ओपन सोर्स’ हा शब्द वारंवार येतो. एखाद्या मोठ्या प्रकल्पात आपले नाव लागावे असे त्यांना वाटते, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न निराळाच असतो : पगार नाही, बढती नाही, मग परक्यांसाठी रात्री जागून काम कशाला? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आपल्याच इतिहासात सापडतात, असे आम्हाला वाटते.

मुक्त म्हणजे काय

कोणताही प्रोग्राम माणूस आधी वाचता येईल अशा संहितेत लिहितो. तिला सोर्स कोड म्हणतात. विकत मिळणाऱ्या बहुतेक प्रणालींत ही संहिता कंपनीच्या कपाटात राहते आणि गिऱ्हाइकाला फक्त तयार माल मिळतो. अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन यांना हे पटले नाही. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी ‘ग्नू’ नावाच्या मुक्त प्रणालीची घोषणा केली. वापरणाऱ्याला प्रोग्राम हवा तसा चालवण्याची, तो आतून पाहण्याची, त्याच्या प्रती वाटण्याची आणि त्यात सुधारणा करून तीही वाटण्याची मोकळीक असावी, असा त्यांचा आग्रह होता. १९८९ साली हा आग्रह एका परवान्यात कायद्याच्या भाषेत मांडला गेला. या परवान्याची मेख अशी, की ज्याने ही मोकळीक घेतली, त्याने आपला बदललेला प्रोग्राम वाटताना पुढच्यालाही तीच मोकळीक द्यायची.

ऑगस्ट १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, आपण हौसेखातर एक छोटी प्रणाली लिहीत आहोत, असे जाहीर करून लोकांच्या सूचना मागवल्या. तेच पुढे लिनक्स झाले. आज आपल्या खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. ‘ओपन सोर्स’ हा शब्द मात्र नंतरचा, १९९८ सालचा. मुक्त आणि फुकट यांत नेहमी गल्लत होते. गणपतीचा प्रसाद फुकट मिळतो, पण त्यामागे कोणाची तरी वर्गणी आणि कोणाचे तरी कष्ट असतातच. इथेही तसेच आहे.

राजवाडे आणि केतकर

आता आपल्याकडे वळू. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला. वाईस हाती लागलेले पानिपतकाळातले पत्रव्यवहार त्यात आहेत. असे बावीस खंड निघाले. गावोगाव हिंडायचे, जुन्या घराण्यांच्या माळ्यावरची दप्तरे उघडायला लावायची, मोडीतले कागद वाचून काढायचे आणि छापून सर्वांपुढे ठेवायचे, असा त्यांचा क्रम होता. राजवाड्यांनी या पत्रांवर स्वतःचे निष्कर्ष लिहून मूळ कागद पेटीत बंद केले असते, तर कोणी त्यांना दोष दिला नसता. पण त्यांनी साधनेच छापली. त्यामुळे पुढच्या अभ्यासकाला त्यांची चूक दाखवता आली आणि त्यांच्या पुढेही जाता आले. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले आणि एकट्याचे हे काम अनेकांचे झाले. मूळ संहिता उघडी ठेवणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजवायला याहून सोपे उदाहरण नाही.

दुसरे उदाहरण श्रीधर व्यंकटेश केतकरांचे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टरेट मिळवून आलेल्या या माणसाने महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे काम अंगावर घेतले. सरकारी आश्रय नव्हता. नागपुरात मंडळ काढून, वर्गणीदार मिळवून, लेखक आणि सहायक गोळा करून १९२० च्या दशकात तेवीस खंडांचा ज्ञानकोश उभा राहिला. पुढे स्वातंत्र्यानंतर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली वाईला मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले. त्याचा पहिला खंड १९७६ साली आला. हे दोन्ही कोश आज इंटरनेटवर कोणालाही मोफत वाचता येतात.

१ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेलुगू विकिपीडिया आला. केतकरांना वर्गणीदारांसाठी हिंडावे लागले आणि कागद, छपाई, टपाल यांचा खर्च सोसावा लागला. विकिपीडियाला तो खर्च नाही, पण लिहिणाऱ्यांची गरज केतकरांइतकीच आहे. त्यात भर घालायला पदवी लागत नाही. आपण लिहिलेल्या गोष्टीला आधार दाखवावा लागतो, एवढेच.

खिळ्यांपासून संकेतांकांपर्यंत

आपल्या अक्षरांना यंत्रात बसवण्याची खटपट जुनी आहे. ज्या लोकमान्यांनी १८९३ पासून गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, त्यांनीच ‘केसरी’च्या छपाईसाठी देवनागरीच्या खिळ्यांची संख्या कमी करण्याचा प्रयत्न केला होता. इंग्रजीचे काम थोड्या खिळ्यांत भागे, आपल्याकडे काना-मात्रा-जोडाक्षरांमुळे जुळाऱ्याची पेटी शेकडो खान्यांची होई.

संगणक आला तेव्हा हाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. म्हणून प्रत्येक अक्षराला एक आकडा, एक संकेतांक द्यावा लागतो. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली ‘इस्की’ हे भारतीय मानक ठरले. जगातल्या सर्व लिप्यांसाठी युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी आली. मधल्या काळात ज्याने त्याने आपापले फाँट काढले. एका कार्यालयात टंकलेली मराठी दुसऱ्या कार्यालयात उघडली की अक्षरांऐवजी चिन्हांचा कचरा दिसे. तो अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला आहे.

युनिकोड आल्यावरही सगळे एकदम सुरळीत झाले नाही. ‘ॲप’, ‘ॲसिड’ यांतले ‘ॲ’ हे आपले रोजचे अक्षर. पण त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेतांक मिळाला तो २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. तसेच ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. एकात समुद्र आहे, दुसऱ्यात डोंगरामधल्या खोल जागा. हा पापणीसारखा अर्धा ‘र’ हिंदीला लागत नाही, मराठीला त्याच्यावाचून चालत नाही. हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या फाँटमध्ये तो बिघडला, तर चूक कोणाला दिसणार? मराठी वाचणाऱ्यालाच. आणि ती कोणी कळवायची? त्यानेच. नाहीतर ती तशीच राहते.

याच सुमारास मुंबईहून ‘इंडलिनक्स’ नावाचा स्वयंसेवकांचा गट २००० साली सुरू झाला आणि लिनक्सवर भारतीय भाषा आणण्याचे काम हाती घेतले गेले. रेड हॅट कंपनीने ‘लोहित’ ही भारतीय लिप्यांच्या फाँटांची मालिका मुक्त परवान्याखाली दिली. पुण्यात आणि हैदराबादेत मुक्त प्रणालीचे गट उभे राहिले. हैदराबादेतल्या ‘स्वेच्छा’ या गटाने तेलुगूतून चालणाऱ्या प्रणालीचे काम केले. आज लिबरऑफिस, फायरफॉक्स यांसारखे प्रोग्राम मराठीत वापरता येतात, त्यामागे अशाच अनेकांचे कष्ट आहेत. त्यांतल्या बहुतेकांची नावे कोणाला ठाऊक नाहीत.

आपल्याच जिल्ह्यातली लिपी

या इतिहासातले एक पान तर आपल्या आदिलाबादचे आहे. नारनूर मंडळातल्या गुंजाला या गोंड गावात एका वेगळ्याच लिपीतली काही हस्तलिखिते जपून ठेवलेली होती. २००६ साली हैदराबाद विद्यापीठाच्या प्रा. जयधीर तिरुमल राव यांच्या गटाने ती उजेडात आणली. ही लिपी वाचू शकणारी माणसे गावात अगदी थोडी उरली होती. ती माणसे गेली असती तर कागद राहिले असते, पण ते मुके झाले असते. पुढे या लिपीचा रीतसर प्रस्ताव युनिकोडकडे गेला आणि जून २०१८ मध्ये, अकराव्या आवृत्तीत, ‘गुंजाला गोंडी’ या नावाने तिला जागा मिळाली. नोटो या मुक्त फाँटमालिकेत आता तिचा फाँट आहे. कोणालाही तो उतरवून घेता येतो.

आपली मोडीही अशीच २०१४ साली युनिकोडमध्ये आली. राजवाड्यांनी ज्या लिपीतले कागद डोळे फोडून वाचले, ती आज संगणकावर टंकता येते. पण गुंजालाची गोष्ट आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते. मराठीच्या मागे एक राज्य आहे, विद्यापीठे आहेत, शेकडो वर्षांचे छापील वाङ्मय आहे. गुंजालाच्या मागे काही घरे आणि त्यांतली म्हातारी माणसे होती. तरीही ती लिपी जगाच्या यादीत गेली, कारण कोणीतरी कागद सांभाळले, कोणी ते वाचून दाखवले, कोणी अक्षरांची चित्रे काढली आणि कोणी अर्ज लिहिला. यांतल्या पहिल्या दोन कामांना संगणक लागला नाही, पण ती झाली नसती तर पुढचे काहीच झाले नसते.

पहिले पाऊल

आता मुलांचा प्रश्न : सुरुवात कुठून करायची? उत्सवाच्या मंडळात नवा आलेला मुलगा पहिल्याच दिवशी मूर्ती ठरवायला जात नाही. आधी सतरंज्या घालतो, खुर्च्या मांडतो, कोण काय करते ते पाहतो. मुक्त प्रकल्पांतही तीच रीत आहे.

आपण स्वतः रोज वापरतो असा प्रोग्राम आधी निवडावा. नावाजलेला प्रकल्प म्हणून निवडला तर आठवड्यात कंटाळा येतो. स्वतःच्या वापरातला असेल तर कुठे टोचते ते माहीत असते. प्रत्येक प्रकल्पाबरोबर एक ओळखपत्रक, परवाना आणि सहभागाचे नियम दिलेले असतात. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मग चूक कळवावी. ही सर्वांत कमी लेखली जाणारी मदत आहे. ‘चालत नाही’ एवढे लिहून भागत नाही. कोणती आवृत्ती होती, आपण काय केले, काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, हे क्रमाने लिहावे. ‘दऱ्या’ टंकले आणि ‘दर्या’ दिसले, असे नेमके लिहिले की दुसऱ्या टोकाच्या माणसाला मराठी येत नसले तरी त्याला चूक सापडते.

त्यानंतर हात घालायचा तो छोट्या दुरुस्तीला. अनेक प्रकल्प नवख्यांसाठी सोपी कामे वेगळी खूण करून ठेवतात. काम करण्याची पद्धत अशी : प्रकल्पाची स्वतःपुरती प्रत घ्यायची, तीत बदल करायचा, काय आणि का बदलले ते दोन ओळींत लिहायचे आणि तो बदल मूळ प्रकल्पात घ्यावा अशी विनंती पाठवायची. यासाठी बहुतेक ठिकाणी ‘गिट’ हे साधन वापरतात. लिनक्सचे काम आवरेना म्हणून तेही टोरवाल्ड्स यांनीच २००५ साली लिहिले. प्रत्येक बदल कोणी केला, केव्हा केला, हे त्यात कायमचे नोंदलेले राहते. मंडळाच्या वहीत वर्गणीची नोंद राहते, तसेच.

विनंती पाठवली की ती तपासली जाते. जुने जाणते लोक उणिवा काढतात, पुन्हा करायला सांगतात, कधी नाकारतातही. उत्तर यायला दिवस लागतात, कारण तपासणाराही नोकरी सांभाळून हे करत असतो. इथेच पुष्कळ मुले खचतात. पण ही तपासणी हेच खरे शिक्षण आहे. कधी न भेटलेला जाणता कारागीर तुमचे काम ओळीने वाचून चुका दाखवतो आणि त्याची फी घेत नाही, ही गोष्ट कोणत्याही महाविद्यालयात सहज मिळत नाही. पगाराविषयी विचारणाऱ्या वडीलधाऱ्यांना आमचे हेच उत्तर आहे. शिवाय हे काम चारचौघांना दिसते. नोकरीच्या मुलाखतीत ते दाखवता येते.

संगणक न शिकलेल्यांसाठी

प्रोग्राम न लिहिणाऱ्यांनाही इथे भरपूर काम आहे. संगणकातल्या शब्दांचेच पाहा. फाइलला ‘संचिका’ म्हणायचे, ‘धारिका’ म्हणायचे की ‘फाइल’च ठेवायचे? ‘सेव्ह’ला ‘जतन करा’ की ‘साठवा’? शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचताना फारसी शब्दांबाबत हाच प्रश्न आला होता. एकाच पडद्यावर एका जागी ‘संचिका’ आणि दुसऱ्या जागी ‘धारिका’ आली की वापरणारा गोंधळतो आणि मुकाट्याने पुन्हा इंग्रजीकडे जातो. अनुवाद तपासायला भाषेचा कान लागतो. तो निवृत्त शिक्षकांकडे आणि वाचन असलेल्या गृहिणींकडे असतो.

शब्दतपासणीचेही तसेच. मुक्त तपासणी-प्रणालीत एक शब्दांची यादी असते आणि एक प्रत्ययांच्या नियमांची. ‘घर’ हा शब्द यादीत एकदाच येतो. ‘घराला’, ‘घरासाठी’, ‘घरापासून’ ही रूपे नियमांनी तयार होतात. कोणत्या शब्दाचे सामान्यरूप कसे होते हे सांगायला व्याकरणाची जाण पुरते.

मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ या २०१७ सालच्या उपक्रमात तर फक्त आवाज द्यायचा असतो. पडद्यावरचे वाक्य वाचायचे, ते ध्वनिमुद्रित होते, दुसरे कोणी ऐकून ते बरोबर असल्याचे सांगते. अशा आवाजांवर यंत्रे भाषा ऐकायला शिकतात. त्यात फक्त पुण्या-मुंबईचे आवाज असतील तर यंत्राला तीच मराठी कळेल. तेलुगूच्या शेजारी पिढ्यानपिढ्या बोललेली आपली मराठी वेगळ्या सुराची आहे. तो सूर त्या संग्रहात आपण घातला तरच येईल.

ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली सुरू झालेला मुक्त नकाशाही आहे. त्यात गावांना, रस्त्यांना, देवळांना अनेक भाषांत नावे देता येतात; तेलुगूचा रकाना वेगळा, मराठीचा वेगळा. खाणगावांत जागांची नावे लवकर विस्मरणात जातात, कारण खाण बंद पडली की वस्तीही हलते. जुन्या कामगारांना ती नावे अजून पाठ आहेत.

दोन पथ्ये मात्र पाळायला हवीत. दुसऱ्याच्या पुस्तकातला मजकूर उचलून घालू नये. मुक्त परवाना आपण स्वतःच्या कामाला देऊ शकतो, दुसऱ्याच्या नाही. आणि यंत्राने केलेले भाषांतर न वाचता पाठवू नये. वाईट मराठी एकदा प्रणालीत शिरली की काढायला दुप्पट कष्ट पडतात, आणि ती पाहून लोक मराठीलाच हसतात.

राहते काय

आपली मुले तेलुगूत आणि इंग्रजीत शिकतात. ते योग्यच आहे. ज्या मातीत राहायचे तिची भाषा आलीच पाहिजे. पण मग मराठी फक्त स्वयंपाकघरात आणि आरतीत उरते. फोनच्या पडद्यावर ती दिसत नाही, म्हणून मुलांना ती कामाची भाषा वाटत नाही. हे बदलायला सरकारची परवानगी लागत नाही, महाराष्ट्रात राहावे लागत नाही, कंपनीच्या दाराशी उभे राहावे लागत नाही. बेल्लमपल्लीतून पाठवलेली दुरुस्ती आणि पुण्यातून पाठवलेली दुरुस्ती एकाच कसाला लागते. सीमेपलीकडे राहिलेल्या मराठी माणसाला इतकी समान जागा आजवर फारशी मिळालेली नाही.

उत्सवाच्या या दहा दिवसांत घरोघरी पाहुणे येतील, तीन पिढ्या एकत्र बसतील. नातवाने फोन काढावा, आजीने आठवून शब्द सांगावा, आजोबांनी बंद पडलेल्या खाणीजवळच्या वस्तीचे नाव सांगावे आणि ते नाव मराठीच्या रिकाम्या रकान्यात भरावे. एका संध्याकाळी एवढे सहज होते. राजवाड्यांचे कामही एका दप्तरापासूनच सुरू झाले होते.